दामाचा अंगठा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, देवापुढे नाही, एकटा असतानासुद्धा मोठ्याने नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर सकाळपासून तीनदा उठलो — एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच कुंपणापाशी, आणि एकदा कशाला ते आठवतही नाही. सांगायचं म्हणजे फार काही नाही. एक वाक्य आहे. एवढंसं. मग ते बाहेर का पडत नाही?

थांबा. आधी जागा सांगतो. जागा सांगणं सोपं आहे.

मांडव्याच्या बंदरावरून थळकडे चालत निघालात की सुरूच्या बनामागे एक माळ लागतो. तिथे पूर्वी गुरं चरायची. मिठाच्या सत्याग्रहाआधी पाचसहा वर्षं असतील, मुंबईच्या काही साहेबांनी तो माळ भाड्याने घेतला आणि गोल्फ सुरू केला. शनिवारी लाँचने यायचे, रविवारी संध्याकाळी परत जायचे. ज्या भोकात चेंडू घालायचा त्याला ते होल म्हणत. आम्ही गोट्यांच्या खेळातला आमचा शब्द लावला — गल. असे सहाच गल होते. खाऱ्या वाऱ्यात बारीक गवत टिकेना, म्हणून प्रत्येक गलाभोवती वाळूत तेल कालवून एक गोल अंगण चोपून काढलेलं असायचं. ते सपाट ठेवायला माणसं हवी होती. आणि जमीन सपाट करणं आमच्याकडे मिठागरात राबणाऱ्यांएवढं कुणाला येणार? म्हणून दामाला आणि मला बोलावलं.

दामा माझ्या आळीतला. आम्ही एकाच वर्षी चालायला लागलो असं माझी आई सांगायची. मिठागरात वाफे तुडवायलाही एकदमच लागलो. वाफ्याचा तळ सारखा नसला तर पाणी एका बाजूला साचतं आणि मीठ नीट धरत नाही. मला तळ बघायचा तर फळी लावून, एक डोळा मिटून, वाकून बघावं लागे. दामा नुसता चालत जायचा. "हितं बसलंय," म्हणायचा, टाचेने खूण करायचा — आणि तिथेच खोलगट असायचं. दरवेळी. मला याचं आधी कौतुक वाटायचं. आधी.

वाळू सारखी झाली की नाही हे पाहायला साहेबांनी आम्हाला एक जुना पटर दिला होता. पटर म्हणजे चेंडू हळूच ढकलून गलात घालायची काठी. तिच्या मुठीचं चामडं सुटलेलं होतं, ते दामाने जाळ्याच्या दोऱ्याने बांधलं. फळी फिरवून झाली की चेंडू मारून बघायचा, वाकडा जातो का. कामच होतं ते. पण त्या कामात दामाचं काय झालं, कसं सांगू? तो चेंडूशी उभा राहायचा आणि बोलत असायचा. "काल बोंबील काय ताजं व्हतं रे, आमच्या घरची तर —" टुक. चेंडू गलात. वाक्य तोडायचासुद्धा नाही. पाच पावलांवरून, आठ पावलांवरून. मी मात्र वाकायचो, मोजायचो, श्वास धरायचो, आणि माझा चेंडू गलाच्या काठाशी येऊन थांबायचा.

मी त्याच्याकडे टक लावून बघत असे. महिनोन्महिने. पटिंगमधलं मला जे काही कळतं ते सगळं मी असं बघून बघून चोरलेलं आहे. तो आधी अनवाणी गलाला एक फेरी मारायचा — उतार डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळतो. मग हातानेच एक चेंडू घरंगळून बघायचा, आज वाळू किती धावतेय ते. ओली असली की चेंडू जड जातो, दुपारची सुकली की सुटतो. लांबचे मारायच्या आधी दोन हातांवरून पाचपंचवीस चेंडू मारायचा. चेंडू आत पडल्याचा आवाज कानात भरून घ्यायचा म्हणे. आणि मारल्यावर मान वर करायची नाही. "बगायचं कशाला? पडला तर आयकू येतो."

पुढे हेच मी लोकांना शिकवलं. माझं म्हणून.

झालं असं की दुसऱ्या हंगामात साहेबांनी एक कायमचा मार्कर नेमायचं ठरवलं. मार्करने मैदान सांभाळायचं, नव्या लोकांना मारायला शिकवायचं. महिन्याचा पगार, माळाच्या कडेला विटांची खोली, खाकी कोट. आम्हा दोघांतून एक घ्यायचा होता. त्यांच्यातला जो मोठा होता — आम्ही त्याला लांब साहेब म्हणायचो, ताडासारखा उंच होता — त्याने सांगितलं, रविवारी सकाळी दोघांनी वीस-वीस चेंडू मारायचे. ज्याचे जास्त आत पडतील तो मार्कर.

इथपर्यंत सांगताना जीभ चालते. आता बघा — पुन्हा उठावंसं वाटतंय.

तुम्ही म्हणाल, खोली हवी असेल. मिठागरातून सुटका हवी असेल. हवी होतीच, कुणाला नको असते? पण तसं सांगितलं तर मी खोटं बोलेन. त्या शनिवारी दुपारी आम्ही शेवटच्या गलावर वाळू चोपत होतो आणि दामा गुणगुणत होता. उद्याचं त्याच्या गावीही नव्हतं. गुणगुणता गुणगुणता त्याने तीन चेंडू मारले, तिन्ही आत. आणि माझ्याकडे बघून हसला. कुचेष्टेने नाही हो — नुसता, मित्राकडे बघून हसतात तसा. ते हसणं मला सोसवलं नाही. एवढंच खरं आहे.

मी म्हणालो, "दामा, एक सांगू? राग न्हाय ना येनार?"

"तुजा कसला राग?"

"मारताना तुजा उजवा आंगठा हलतो."

त्याने हाताकडे बघितलं. "न्हाय रे."

"हलतो. तुला कलत न्हाय. लांब साहेबानं पन बगितलंय. मला बोलला."

साहेब काही बोलला नव्हता. आणि अंगठा हलत नव्हता. मी इतके महिने त्या हातावर डोळा ठेवून होतो — कधीच हलला नव्हता. हे ते वाक्य. बोललो एकदाचा.

पण बोलून मोकळं वाटत नाहीये. कारण त्यानंतरचं अजून राहिलंय.

रविवारी सकाळी साहेब खुर्च्या टाकून बसले होते. दामाने पटर धरला आणि अंगठ्याकडे बघितलं. पकड सोडली. पुन्हा धरली. अंगठा जरा वर घेतला, मग खाली. मी त्याला कधी असा चेंडूशी थांबलेला पाहिला नव्हता — आणि गप्प तर कधीच नाही. पहिला चेंडू गलाच्या उजवीकडून गेला. दुसराही. तिसऱ्याला त्याने पटर असा आवळला की नखं पांढरी पडली. विसांतले त्याचे चार आत गेले. माझे अकरा. अकरा म्हणजे काय मोठंसं? दामा रोज झोपेत घालायचा तेवढे.

संपल्यावर तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता गचांडी धरतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बोललास ते खरं निगालं रे गोपाल. हलतो. आदी सांगतास तर काई तरी केलं असतं." म्हणजे — माझे आभार मानले. कळलं तुम्हाला? निदान आभार तरी ऐकून घ्यायला नको होते मी. ऐकून घेतले.

दुपारी लांब साहेबाने मला कोट दिला आणि विचारलं, "वो दूसरा आदमी, उसको क्या हुआ? हमको तो वोही मंगता था." मी म्हणालो, "नसीब, साहेब."

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरेल. चेंडूचा तर खेळ. मिठागरात पटर थोडाच लागतो? पण ते तिथे थांबलं नाही. दामा मिठागरात परत गेला तो अंगठ्याकडे बघतच गेला. फळी धरताना बघायचा. दोरीची गाठ मारताना बघायचा. चहाचा कप उचलताना बघायचा — आणि एक दिवस कपातला चहा खरंच हिंदकळला. मी समोर बसलो होतो. अंगठा खरंच हलत होता. जे कधी नव्हतं ते मी नुसतं बोललो, आणि ते त्याच्या हातात जाऊन बसलं. असं होतं का हो कधी? मी कितीदा तरी विचार केला. डोळ्यांनी पाहिलंय, तर विचार करून काय उपयोग?

वाफ्याचं शेवटचं सपाटीचं काम फार हलक्या हाताचं. मुकादमाने ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला पाट्या वाहायला लावलं. ज्याच्या टाचेला जमीन बोलायची तो डोक्यावर मीठ वाहू लागला. खारं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरायचं. मी खाकी कोटात माळावरून जायचो, तो खालून पाटीसकट हात करायचा. मी पण करायचो.

सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणू? रोज मिळत होती.

आणि एकदा तर दारात चालत आली. सांगतो तेही, नाहीतर हे सगळं अर्धवट राहील. दामाची बायको आनंदी माझ्या खोलीवर आली. तिसऱ्या की चौथ्या वर्षाची गोष्ट. अलिबागच्या वैद्याचं तेल लावून झालं होतं, अंगठ्याला काळा दोरा बांधून झाला होता. आता ती भगताकडे जाऊन आली होती. ओटीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "भावजी, भगत बोलतो, ह्यो दुखना जल्मापासनं असंल तर देवाचा. मदीच आला असंल तर मानसानं केलेला. तुमी ल्हानपनापासनं यांच्या बरोबर. खरं सांगा, ल्हानपनी हलायचा का यांचा आंगठा?"

तिच्या तोंडाकडे बघून मला समजलं — मी नाही म्हणालो तर ती माणूस शोधायला निघणार. आठवत आठवत त्या रविवारपर्यंत येणार, त्या शनिवारपर्यंत येणार. सारवलेल्या जमिनीवर माझा पाय उगीच हलत होता, तो मी दाबून धरला.

"हलायचा," मी म्हणालो. "थोडा हलायचा."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मग बरा व्हायचा न्हाय," आणि उठून गेली. त्यानंतर त्यांनी औषध केलं नाही. तेल नाही, दोरा नाही, काही नाही. पहिलं वाक्य मी मत्सरात बोललो. हे दुसरं मी शांतपणे, विचार करून बोललो. दोन्हींतलं वाईट कोणतं, ते मला ठाऊक आहे.

मी मार्कर म्हणून नाव कमावलं. साहेब लोक मित्रांना घेऊन यायचे — याच्याकडून पटिंग शिका म्हणायचे. मी त्यांना अनवाणी फिरवायचो, हाताने चेंडू घरंगळवायला लावायचो, दोन हातांवरून पाचपंचवीस मारायला लावायचो. आणि एका गोष्टीबाबत फार कडक होतो: हाताकडे बघायचं नाही. एखादा मारताना बोटं निरखू लागला की मी ओरडायचो — साहेब असला तरी ओरडायचो. त्यांना वाटायचं, केवढा अनुभवी माणूस! दोन वर्षांमागे तो माळ बंद झाला, साहेबांनी दुसरीकडे जागा घेतली. मी आळीत परत आलो. माझ्यापासून तिसरं घर दामाचं. हातात काठी घेऊन कधी पारावर येऊन बसतो, माझ्याशी बोलतो. चांगलं बोलतो.

गेल्या वैशाखात त्याच्या थोरल्या मुलीचं, कुसुमचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "गोपाल, कन्यादानाला तू आन वयनी बसा. माज्या हातनं धार नीट पडायची न्हाय, चार मानसांत पोरीला लाज वाटंल."

मी एकदा नको म्हणालो. एकदाच. तो म्हणाला, "तुज्याबिगर कोन हाय मला?" तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं — त्याला वाटलं, मी हो म्हणतोय. हसला आणि मांडवाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो. हाताखाली कुसुमचा हात, नवऱ्या मुलाचा हात. भटजींनी सांगितलं तशी मी धार धरली. ती सरळ पडली. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. दामा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, उजवा हात उपरण्याखाली घेऊन, आणि शेजारच्याला सांगत होता, "बग, गोपालचा हात बग कसा हाय." मी ऐकलं. पोरगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग पंगत बसली. दामाने मला ओढून आपल्या शेजारी बसवलं, माझ्या पानात स्वतः डाव्या हाताने वाढलं. मी जेवलो.