झोपताई

सकाळी कामाला येतानाच दमलेली अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. प्रयोगशाळेचं पहिलं दार उघडून ताई आत यायच्या, चपला काढायच्या आणि तिथंच भिंतीला टेकून म्हणायच्या, “लई दमले रे आज.” आज अजून सुरूही झालेला नसायचा. मग हात धुऊन पांढरा कोट चढवायच्या, दुसरं दार उघडायच्या, आणि रेशमाच्या अळ्यांपुढं उभ्या राहिल्या की चेहरा जरा सैल पडायचा. मी त्यांचा मदतनीस, लोहाऱ्याचा. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. “ए लोहारेकर, पाला आण,” एवढाच आमचा सकाळचा रामराम.

त्यांना सगळे झोपताई म्हणायचे. रेशमाची अळी मोठी होताना चार वेळा कात टाकते. त्याआधी ती तुतीचा पाला खायचं सोडते आणि मान वर धरून निपचित राहते. आमच्याकडं त्याला झोप म्हणतात. झोपलेल्या अळ्यांना पाला टाकायचा नाही, ट्रे हलवायचा नाही, हात लावायचा नाही, हे तुती लावणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. ताई ईट गावच्या, त्यांच्या घरीही तुती होती. त्यात त्यांनी स्वतःचा एक नियम घातला होता. बोलायचंही नाही. कुणी मोठ्यानं हसलं की ओठावर बोट यायचं, “श्श, झोपल्यात.”

एकदा मी म्हणालो, “ताई, अळीला कुठं आपलं बोलणं ऐकू येतं?” डॉक्टरेट झालेल्या बाईला मी हे शिकवत होतो.

“तिला न्हाय येत. पण कुणीतरी झोपलंय हे आपल्याला कळतंय की,” त्या म्हणाल्या. वर जांभई देऊन, “ह्यांना चार झोपा मिळत्यात बघ. मला एक धड न्हाय.”

झोप नव्हती त्याचं कारण बसू. बसवराज, त्यांचा धाकटा भाऊ. शरीरातली एक प्रकारची चरबी मोडून काढणारं एन्झाइम त्याच्या अंगात जन्मापासून बनतच नव्हतं. चरबी साचत जायची, पोट फुगायचं, हाडं इतकी ठणकायची की काही दिवस त्याला पाऊलही टाकता यायचं नाही. ताई ते आईला समजावत तसंच मला समजावत, “घरात रोज केर पडतोच ना? बसूच्या अंगात केरसुणीच न्हाय.” बाहेरून येणारं औषध म्हणजे तीच केरसुणी, पण ती जन्मभर सलाइनमधून टोचावी लागते, आणि ती त्यांना कधी मिळायची, कधी महिनोन्‌महिने नाही. रोज संध्याकाळी त्या ईटला फोन लावायच्या आणि पहिलाच प्रश्न असायचा, “आज चालला का?”

आमचं काम त्याच केरसुणीचं होतं. अळीच्या अंड्यात माणसाचं जनुक सोडायचं, म्हणजे मोठी होऊन कोष विणताना ती रेशमाबरोबर ते एन्झाइमही विणेल. जनुक बसलं की नाही हे ओळखायला बरोबर एक खूण सोडलेली असायची. खास दिव्याखाली त्या अळ्यांचे डोळे हिरवे चमकायचे. चमकलेली अळी वेगळी काढताना ताई म्हणायच्या, “ही आपली.” मग कोष कापून आतला किडा अलगद बाहेर काढायचा आणि रिकामा कोष पाण्यात भिजवायचा, एन्झाइम त्या पाण्यात उतरायचं. किडा जिवंत राहायचा, पाखरू होऊन अंडी घालायचा आणि वाण पुढं चालायचा. घरच्या कोषांचं तसं नव्हतं; घेणारे पुढं ते किड्यासकट उकळतात, म्हणून ताईंची आई दर वेळी विकायला निघालेल्या कोषांच्या पोत्याला हात जोडायची. आपल्या लेकीच्या कामात किडा मरत नाही याचं त्या माउलीला फार समाधान होतं.

एका खंडेनवमीला आमचे वॉचमन हणमंतमामा मोठ्या भक्तिभावानं सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावून गेले, आणि अळ्यांच्या खोलीत हवा घेणाऱ्या झडपेखाली उदबत्तीचा अख्खा जुडगा पेटवून ठेवला. अळीला धूर सोसत नाही. दुपारपर्यंत झडपेजवळच्या ट्रेंमधल्या अळ्या आडव्या झाल्या. मामा दारात हात जोडून उभे होते. मला वाटलं, आता ताई फाडून खातील. त्यांनी मेलेल्या अळ्या एकेक करून उचलल्या, उरलेल्या लांबच्या खोलीत हलवल्या आणि म्हणाल्या, “मामा, देवाला नुसतं फूलबी चालतंय.” तेवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या ते बराच वेळ उठल्याच नाहीत. वाण वाचला होता, पण थोडक्यात. पुढच्या खंडेनवमीला मामांनी यंत्रांवर तुतीची पानं वाहिली.

एन्झाइम कोषात येत होतं, परीक्षानळीत कामही करत होतं. फक्त फार थोडं येत होतं. दर पिढीला ताई सर्वांत जास्त देणाऱ्या अळ्या निवडायच्या आणि पुन्हा अंडी धरायच्या. एकदा मी भीत भीत विचारलं, “ताई, बसूला ह्याचा उपयोग होईल?”

“त्याच्या हाती पडंल का, मला ठाऊक न्हाय. औषध व्हायला लई वर्षं लागत्यात. पण वाण जगला तर कुठंतरी व्हईल. वाण मेला की सगळंच गेलं.”

मग वरून ठरलं. प्रकल्प बंद. वाण ठेवायला दुसरी कुठली संस्था तयार झाली नाही. ताईंनी विचारायची एकही बाकी ठेवली नव्हती. जनुक बदललेला जीव बाहेर सोडता येत नाही, तेव्हा अंडी, अळ्या, कोष, सगळं वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करायचं होतं. त्यावर देखरेख करायला वरच्या ऑफिसातले साहेब आले ते नेमके अळ्या शेवटच्या झोपेत असताना.

“आज न्हाय,” ताई म्हणाल्या.

“मॅडम, आज काय आणि उद्या काय?”

“झोपल्यात, साहेब. झोपलेल्याला आमच्यात हात लावत न्हायीत.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. साहेबांनी एकदा ट्रेकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि मुक्काम वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या कात टाकून उठल्या. ताईंनी मला कोवळा पाला आणायला सांगितला. मी उगाच म्हणालो, “आता कशाला ताई?” त्यांनी पाल्याची टोपली माझ्या हातात दिली. मी गेलो आणि आणला. त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या ट्रेंवर पाला पसरला आणि अळ्यांचं खाऊन होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग ट्रे एकेक करून यंत्रात ठेवले. दार त्यांनीच लावलं, कळही त्यांनीच फिरवली. मला रडू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं. त्या रडल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यांनी ईटला फोन लावला. “आज चालला का?” एवढं मला ऐकू आलं.

दुपारी साहेब सही करून गेले. मी रिकामे ट्रे धुऊन आत आलो तर ताई अळ्यांच्या खोलीत, मोकळ्या मांडणीला डोकं टेकून स्टुलावर गाढ झोपलेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. तेवढ्यात हणमंतमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत कुलूप लावायला आले आणि लांबूनच मोठ्यानं म्हणाले, “व्हय हो, संपलं का सगळं?”

मी ओठावर बोट ठेवलं.

“श्श, मामा. झोपल्यात.”