माझं उलटं मशीन

भिवंडीच्या फर्निचर कारखान्यात बारा वर्षं लाकूड कापलं, म्हणून पोशेरा गावाजवळच्या आमच्या पाड्यावर मला, म्हणजे नवसूला, सगळे मिस्त्री म्हणतात. मीही कुणाला अडवत नाही. यंदा लाकूड कापायचं जुनं थ्री-फेज मशीन घरी आणलं. बायकोला, बायडीला, सांगितलं, "हे चाललं तर घरीच राहीन. नाही तर परत भिवंडी." ओसरीवरची धान्याची कणगी तिने स्वतःच सरकवली आणि मशीनला जागा करून दिली.

वायरमन मीटर बसवून निघाला, तेव्हा पुढची जोडणी मी करतो म्हणालो. मिस्त्री ना! तीन वायरी, तीन बोल्ट, त्यात चुकायचं काय?

बटण दाबलं. पातं गरगरलं, पण लाकूड कापेना, नुसता धूर. मोटर उलटी फिरत होती. नाचता येईना अंगण वाकडं. मी दोष पात्याला दिला आणि ते काढून उलटं बसवलं. मग शेजारच्या पुंजाच्या नव्या घराच्या दाराची फळी लावली. मशीनने ती माझ्या हातातून हिसकावली आणि ओसरी नि स्वयंपाकघरामधला कारवीचा कूड फोडून थेट चुलीपाशी फेकली. बायडी तिथे नागलीची भाकर थापत होती. मातीचा तवा फुटला, ती बचावली.

"आता?" तिने भोकातून विचारलं. तिच्या डोळ्यांत भिवंडीची गाडी दिसत होती.

मी डोकं चालवलं. या बाजूने मशीन उलटं, म्हणजे त्या बाजूने सुलटंच की! भोक आणखी मोठं केलं, मशीन आणि कुडाच्या मधल्या हातभर जागेत अंग चोरून उभा राहिलो. फळीचं मागचं टोक स्वयंपाकघरात, ते बायडीने धरायचं. उंटावरच्या शहाण्याने दुसऱ्याची भिंत पाडली होती, मी स्वतःचीच पाडली. असं आम्ही अख्खं दार कापलं. भाकरीत भुसा येत होता.

पुंजा बघायला आला. "मिस्तरी, भिवंडीलापण असाच कापत व्हतास काय?"

"नवी पद्धत आहे," मी म्हणालो.

खिडकीची चौकट कापताना एकदम आठवलं. कारखान्यात मोटर उलटी फिरली की तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करायचे. कितीदा तरी पाहिलेलं! मेन स्विच बंद करून वायरी बदलल्या, पातं सरळ केलं आणि मशीन मुकाट्याने चालायला लागलं. भिवंडी टळली. आनंदाने नाचावंसं वाटलं, पण ओसरीवर तेवढी जागा नव्हती.

मग चिखल कालवून कूड लिंपायला बसलो. बायडीने घमेलंच ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे ते भोक. इतकी वरसं नुसता फोनातून आवाज येत व्हता तुजा. आता तोंड तरी दिसतं."

चिखल अंगणात तसाच वाळून गेला.