पुसलेला पत्ता

कुरिअर कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. तिचं कामच तसं होतं. गिऱ्हाइकांनी कळवायचं, आमचा जुना पत्ता काढून टाका, आणि हिने तो काढायचा. टोपणनावाचा तिला राग नव्हता. पुसून टाकता येणं ही जगातली फार मोठी सोय आहे असं तिचं ठाम मत होतं, आणि ते तिने कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं.

नवऱ्याच्या घरातून निघाली तेव्हा सोबत मुलगी, दोन बॅगा आणि नीट न जुळलेलं डावं मनगट, एवढंच होतं. 'जिथे असशील तिथे येईन,' असं तो शांतपणे म्हणाला होता. ओरडला असता तर तिला कमी भीती वाटली असती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी घरं बदलत मायलेकी शेवटी एका दुसऱ्या मजल्यावर टेकल्या. पत्ता फक्त भावाला ठाऊक.

तरी एकदा तिने माती खाल्लीच. मुलीचं अभ्यासाचं टेबल घरपोच मागवताना घाईत आपल्याच कुरिअर कंपनीचं जुनंच खातं उघडलं गेलं. ते दोघांच्या नावाचं, त्याच्याही फोनवर चालणारं. त्यात तिने नवा पत्ता भरला आणि वर लिहिलं, 'घर'. चूक रात्री ध्यानात आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचताच तिने तो पुसला. आतल्या खोलीत पत्ते साठवणाऱ्या पाच मशीनपैकी एक सकाळपासून बंद पडलं होतं, सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले, हिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. नवऱ्याला पत्ता लागला नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आपण बटन दाबून पुसतो ते खरंच जातं का, हे तिला एकदा समजून घ्यायचं होतं. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर तिने कॉलेजात रविवार सकाळचा वर्ग धरला: डोंगराएवढी माहिती सांभाळणारे डेटाबेस कसे चालतात त्याचा. वर्गातली पोरं तिला काकू म्हणत आणि तिच्याच नोट्स उतरवून घेत.

सरावाला मशीन हवं होतं. ते बंद पडलेलं मशीन दुरुस्त होऊन सामानाच्या खोलीत कधीपासून प्लॅस्टिक पांघरून पडलं होतं. ते मिळावं म्हणून तिने साहेबांच्या मागे लकडा लावला.

"नुसत्या अभ्यासाला कशाला?" साहेब म्हणाले. "बाकीच्या चारांनाच जोडून टाका. कामही होईल, तुमचा अभ्यासही होईल."

गुरुवारी ते जोडलं. हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांना चहा पाजला.

आणि रविवारी सरांनी पुसण्याचा धडा काढला.

"एकाच नोंदीच्या प्रती बऱ्याच मशीनवर असतात," सर म्हणाले. "म्हणून पुसायचं म्हणजे आधी 'हे मेलं' अशी खूण मारायची आणि ती सगळ्यांना कळवायची. त्या खुणेला थडग्याचा दगड म्हणतात. काही दिवसांनी मढंही उचलायचं आणि दगडही. जागा मोकळी."

"मग अडचण काय, सर?" मागून एकाने विचारलं.

"समजा, तीन काकू आहेत. शेजारचं लग्न ठरल्याचं तिघींना कळलं. मग ते मोडलं. पण तिसरी तेव्हा लेकीकडे गेलेली. इथल्या दोघी काही दिवस हळहळल्या, मग लग्नही विसरल्या आणि मोडल्याचंही. इतक्यात तिसरी परत येते आणि विचारते, 'काय गं, लग्नाची तयारी कुठवर आली?' दोघींना वाटतं, हिच्याकडे ताजी बातमी दिसतेय. लागल्या तयारीला!"

वर्ग खदखदून हसला. तिचं पेन थांबलं.

"आणि तसं होऊ नये म्हणून, सर?"

"बरेच दिवस बाहेर राहिलेलं मशीन आधी कोरं करायचं, मगच जोडायचं. तसंच जोडणारा शहाणा कुठेतरी निघतोच."

पुन्हा हशा पिकला. ती उठून व्हरांड्यात आली. जुन्या खात्याचा पासवर्ड पहिल्याच खेपेला बरोबर पडला. पत्ता परत आला होता. रस्ता, मजला, दाराचा नंबर. वर नाव, 'घर'.

तिने तो पुसला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताला सवय होती. मग मुलीला फोन लावला. वाजत राहिला. अभ्यास करताना फोन कपाटात, हा नियम तिचाच होता. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी उचलला गेला.

"आई, अगं किती वेळा करतेस! मी दारात होते."

"दार उघडू नकोस. ऐकतेयस ना? कोणीही असू दे, कडी लाव."

 पलीकडे मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मी आधी साखळी लावूनच बोलत होते गं. पण बाबांनी फोन दाखवला. म्हणाले, आईनेच पत्ता पाठवलाय. वर 'घर' असं लिहिलं होतं, म्हणून मी त्यांना आत घेतलं. माझ्या टेबलापाशी बसलेत." मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "आई, तूच पाठवलायस ना?"