चंद्राचं उत्तरेकडचं टोक

देवळाली कॅम्पातल्या आमच्या गच्चीवरून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं. भाऊबिजेला सूर्य बुडाला की सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन तिथे जात. त्या दिवसाची कोर फार वेळ थांबत नाही, डोंगरामागे उतरते. त्यामुळे घाई असे.

सासूबाई तमिळ. तंजावरकडच्या भातशेतीच्या गावातल्या. सासरे तोफखान्यात होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथेच घर बांधलं. ते गेल्यावर मी आणि माझी बायको सासूबाईंजवळ राहायला आलो. त्यांचा भाऊ गावी होता. भाऊ जवळ नसला तर चंद्राला ओवाळायचं, हे त्यांना कॅम्पातल्या मराठी शेजारणींनी सांगितलेलं, आणि ती रीत त्यांनी उचलली. ओवाळून झाल्यावर त्या जे करत, ते मात्र शेजारणींचं नव्हतं.

ताट खाली ठेवून त्या कोरीची दोन टोकं बघत. अमावस्या धरून तिसऱ्या दिवशीची कोर त्यांच्या गावात पावसासाठी बघतात. उत्तरेकडचं टोक उंच असेल तर भरपूर पाऊस, दोन्ही सारखी असतील तर बेताचा, दक्षिणेकडचं उंच असेल तर कोरडं. त्यांचे वडील, अप्पा, दर महिन्याला शेताच्या बांधावर उभे राहून हे बघायचे आणि संध्याकाळी पारावर लोक त्यांना विचारायला यायचे. तिकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो. भात त्याच्यावर उभं असतं.

माझ्या थोरल्या भावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. भाऊबिजेला तो भगूरला आमच्या बहिणीकडे येतो आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबतो. अंगणातूनच तो हाक मारायचा.

"मावशी, काय म्हणतो तुमचा वरचा भाऊ?"

"उंच हाय! उत्तरेला उंच! लय पाऊस येनार, दादा!" सासूबाईंचं मराठी बाजारात शिकलेलं होतं. "तोंड गोड करा."

"गोड कसलं, मावशी? घड फुलोऱ्यात हायेत माझे. तुमच्या भावाला म्हणावं, तिकडं मद्रासला पाड."

सगळे हसत. सासूबाईही हसत, पण पाऊस येणार म्हटल्यावर माणसाचा चेहरा का पडतो, हे त्यांना नीट कळत नसे. मी वर्तमानपत्रात काम करतो. आमच्या पहिल्या पानावर दिवाळीनंतर एकदा तरी 'अवकाळी' हा शब्द येतोच. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला होता. चुकीच्या वेळी आलेला पाऊस, असं मी सांगितलं.

"चुकीची कशी? हीच तर वेळ," त्या म्हणाल्या.

एकदा पुरवणीसाठी मी कोरीच्या या अंदाजावर छोटा मजकूर लिहायला घेतला आणि खात्री करून घ्यायला खगोलशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळच्या कोरीचं उत्तरेकडचं टोक उंचच दिसतं, आणि माणूस जितका उत्तरेला जाईल तितकी कोर जास्त कललेली दिसते. नाशिक तंजावरच्या बरंच उत्तरेला आहे. म्हणजे सासूबाईंच्या वडिलांनी ज्या कोरीला मुसळधार पाऊस म्हटलं असतं, तशी कोर इथे दर दिवाळीला दिसणार.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा समजावून घेतलं.

"मग अप्पांना काय दिसायचं?"

वर्षावर्षाच्या कोरीत थोडा फरक पडतो, असं प्राध्यापक म्हणाले होते. अप्पांना तोच ओळखता येत असेल. इथल्यासाठी तो ओळखायचा तर नव्याने बघायला हवं.

"बघते की मग," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या दर महिन्याला गच्चीवर जाऊ लागल्या. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नसे, तरी जात. पाण्याच्या टाकीची कड त्यांनी सरळ रेघ म्हणून धरली होती. एका ठरावीक फरशीवर उभं राहून त्या टाकीच्या कडेशी कोर ताडून बघत. मागच्यापेक्षा वर की खाली, तेवढंच सांगत. बायको त्यांना म्हणाली, "अम्मा, या वयात कसली परीक्षा देतेस?" त्यावर त्या म्हणाल्या, "गावात मला कोणी विचारलं नाही, तिथे अप्पा होते. इथे माझ्याशिवाय कोण आहे?"

अशी काही वर्षं गेल्यावर एका भाऊबिजेला दादाने नेहमीसारखी हाक मारली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. जिना उतरून त्याच्यासमोर आल्या.

"दादा, दर वर्षीपेक्षा जास्त उंच. जपून रहा."

"मावशी, मोबाइल काय म्हणतो ते बघतो मी. त्यात ऊन हाय."

आठवड्याच्या आत पाऊस झाला, आणि तो थांबून थांबून पडत राहिला. दादाच्या बागेत डावणीची बुरशी शिरली, फुलोरा गळाला, उरलेले घड कुजले. त्या पावसाचं कारण बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा होता, असं आम्हीच छापलं. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, आणि तसं सासूबाईंनीही म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात त्या टाकीशी उभ्या होत्या.

पुढच्या भाऊबिजेला दादा आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

"मावशी, एक काम करा. आता बघू नका राव. तुम्ही बघता आन आमचं वाटोळं होतं."

तो थट्टेनेच म्हणाला होता. सगळे हसले, मीही हसलो. सासूबाईंनी त्याच्यापुढे चकल्यांची बशी सरकवली. त्या महिन्यानंतर त्या टाकीशी उभ्या राहिल्या नाहीत. भाऊबिजेला ओवाळून लगेच खाली येत. नव्याने सुरू केलेलं बघणं तिथेच थांबलं. ते किती पुढे गेलं होतं, त्यातून काही हाती लागत होतं की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. त्यांना कोणी विचारलं नाही.

मधल्या वर्षांत त्यांच्या भावाचं निधन झालं. चंद्राला ओवाळणं चालू राहिलं.

परवाच्या भाऊबिजेला दादा थेट गच्चीवर आला. बाग पुन्हा फुलोऱ्यात होती, मोबाइलवरचे अंदाज एकमेकांशी जुळत नव्हते, आणि फवारणी करायची की थांबायचं, हे त्याला ठरवायचं होतं. पहिल्यांदाच त्याने थट्टा न करता विचारलं.

"मावशी, खरं सांगा. काय दिसतं?"

सासूबाईंनी कोरीकडे पाहिलं, मग दादाकडे.

"सपाट हाय. पाऊस नाय. घरी जा आरामात."

दादा वाकून त्यांच्या पाया पडला आणि घाईने जिना उतरला. त्याची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली. कोर अजून डोंगराच्या वर होती. उत्तरेकडचं टोक उंच होतं, ते मलाही दिसत होतं. मी त्यांच्या जुन्या फरशीवर जाऊन टाकीच्या कडेशी ताडून बघितलं, पण मागची कोर कशी होती ते मला माहीत नव्हतं.

"अम्मा, उंच आहे गं," बायको हळूच म्हणाली.

"हो." त्यांनी निरांजन ताटात सारखं केलं. "पण इथे सपाटच म्हणायचं असतं."