‘दादा’ म्हणजे कोण

ती घटना आठवली की आजही माझी मलाच चीड येते. सत्तरच्या दशकात मी परभणी जिल्ह्यात फौजदार होतो. मूळचा साताऱ्याकडचा, इकडे बदली होऊन वर्षही झालं नव्हतं.

एका सकाळी पोलीस पाटलाचा माणूस ठाण्यात खबर घेऊन आला. पेडगावच्या पलीकडच्या एका खेड्यात घरातल्या घरात भांडण होऊन विशीतल्या धाकट्या मुलाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली होती. मी पोचलो तेव्हा त्याला बैलगाडीत घातलं होतं. दवाखान्यापर्यंत काही तो टिकत नव्हता, म्हणून तिथंच जबाब घेतला. दोनच शब्द बोलला, "दादानं मारलं." मी लिहिलं, 'दादाने, म्हणजे मोठ्या भावाने, मारले.' शहरातून सोबत आणलेल्या दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मुलगा गाडीतच गेला.

थोरला भाऊ शेजारीच उभा होता, धोतर रक्तानं भरलेलं. जखमीला उचलताना लागलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ठाण्यात दोन दिवस विचारून माझा घसा बसला, पण तो गप्प. शेवटी मी जबाबच वाचून दाखवला. तो दचकला. बाहेर बाकावर बसलेल्या बापाकडे बघत राहिला नि म्हणाला, "लिव्हलंय ना साहेब? मग तसंच."

मला वाटलं, गडी फुटला. त्या म्हाताऱ्याला मी स्वतः चहा पाजला, धीर दिला. थोरल्याला जन्मठेप झाली. त्यानं अपीलही केलं नाही. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

पाच वर्षांनी मी पूर्णेला असताना उच्च न्यायालयाचा कागद आला. सोबत त्या कैद्यानं तुरुंगातून स्वतः लिहिलेल्या अर्जाची नक्कल. त्यात ना कलम, ना वकील. अपिलाची मुदत कधीच टळलेली. वर लिहिलं होतं 'दयेचा अर्ज'. मागणं एवढंच: "आमचे दादा वारले. माय एकटी हाय. मला परभणीच्या जेलात ठिवा, तिला भेटता यील." आणि शेवटी एक ओळ: "दादा व्हते तवर बोललो न्हाई. मारणारा मी न्हाई. घरी मला भाऊ म्हणतेत."

जेल बदलायचा अर्ज म्हणून तो कुणीही निकाली काढला असता. न्यायाधीशांनी तसं केलं नाही. कायदा न कळणारा माणूस मागतोय काय एवढंच न बघता तो सांगतोय काय, हे त्यांनी बघितलं. मुदत माफ केली, वकील दिला आणि तोच अर्ज अपील म्हणून दाखल करून घेतला. माझ्याकडे खुलासा मागितला होता: मयत मुलगा घरात दादा कुणाला म्हणायचा?

त्याच दिवशी गाव गाठलं. त्यांची आई शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, घरात दादा कुणाला म्हणायचे?"

"ह्यांच्या बापाला. थोरल्याला भाऊ."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"एक लेक गेला व्हता साहेब. आता मालकानं जायचं का थोरल्यानं, ते थोरल्यानंच ठरवलं. आन् तुमी तरी कवा इचारलाव?"

तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून पाठवलं, चूक माझी होती हेही लिहिलं. तो सुटला. पाच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

पुढे जबाबात नात्याचा शब्द आला की मी पेन खाली ठेवून विचारायचो, हा कोण, नाव सांग. त्या दिवशी का विचारलं नाही, याचं कारण सांगायला लाज वाटते. माझा धाकटा भाऊ मला दादा म्हणतो.