बाईंची फक्की

नगरपालिकेच्या सभागृहात प्रेक्षकांसाठी मागे दोन बाकं होती. पुढच्या बाकावर बाई येऊन बसल्या की सदस्य आपोआप ताठ व्हायचे. यात आदर थोडा आणि धसका जास्त. बाईंनी सगळी नोकरी गावातल्या एकुलत्या एका शाळेत मुलांना मैदानावर पळवण्यात घालवली होती, आणि समोरच्या खुर्च्यांवरच्या निम्म्या कानांना त्यांचा हात लागलेला होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या कोणाच्या काकू-मावशी झाल्या नाहीत, बाईच राहिल्या.

त्या उगाच वेळ घालवायला येत नव्हत्या. त्यांचे यजमान घड्याळजी. बाजाररस्त्याच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढंसं. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढे हात मोकळा झाला, बोटं चालू लागली, पण उजवा पाय रुसला तो रुसलाच. वॉकर धरून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे. बाहेर जायचं तर पाऊल टाकायचं कुठे? रस्त्याला फुटपाथ औषधालाही नव्हता. कडेला मोटारसायकली, त्यांच्यापुढे दुकानांचा माल, आणि उरलेल्या डांबरावर गाड्या, सायकली आणि माणसं एकमेकांच्या अंगावर.

"रिक्षाने सोडते," असं बाईंनी कितीदा तरी म्हणून पाहिलं.

"गाठोडं उचलून ठेवावं तसं मला नेऊन ठेवणार असशील, तर मी इथेच बरा," घड्याळजी म्हणायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे.

मुलगा परगावाहून फोनवर सांगत होता, दुकान विकून टाका. बाईंना मात्र कळत होतं, दुकान गेलं की माणूस खचणार. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि इकडे ठरावाचं घोंगडं भिजत पडलं होतं. दोन्ही कडांना फुटपाथ आणि त्याला लागून सायकलींची पट्टी, एवढीच मागणी. एका सभेत कापडवाले सदस्य उठले. त्यांचं दुकान रस्त्याच्या ऐन मध्यावर.

"बाईंबद्दल मला आदरच आहे. पण रस्ता काय रबराचा आहे? जागा आणायची कुठून? आणि सायकली चालवतंय कोण आता?"

"शाळेची पोरं चालवतात, जीव मुठीत धरून," मागून कोणीतरी म्हणालं. मग जी बोलाचाली सुरू झाली, ती थांबेना. पार्किंग कुठे जाणार, माल कुठे उतरवणार, गिऱ्हाईक पळणार. बाई उभ्या राहिल्या.

"बाई, प्रेक्षकांना बसून ऐकायचं असतं," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"म्हणूनच उभी राहिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एक दिवस रस्ता आखून बघा. जागा आहे की नाही ते दिसेल."

"चालेल. येत्या रविवारी बघू."

"रविवारी अर्धी दुकानं बंद असतात. शनिवारी."

अध्यक्षही शाळेत बाईंच्याच हाताखालचे. त्यांनी शनिवार लिहून घेतला.

शनिवारी भल्या सकाळी बाईंनी शाळेच्या गड्याकडून फक्कीचं पोतं आणवलं. मैदान आखायची ती पांढरी भुकटी. कमरेला पदर खोचला, दोरी ताणली आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लांबच लांब रेघा ओढल्या. आत चालणाऱ्यांची जागा, मग सायकलींची, मधोमध गाड्या. गळ्यात शिट्टी होतीच. दिवसभर घसा फोडावा लागणार अशी त्यांची तयारी होती.

पण झालं भलतंच. दुकानदार आले, पांढरी रेघ बघितली आणि माल आत ओढून घेतला. पोट सुटलेले दोन कारकून बोलत बोलत आले आणि रेघेपाशी येताच त्यांनी पाय असे उचलून टाकले, जणू पुढ्यात विस्तव आहे. एकाने मोटारसायकल लावली, खाली वाकून पाहिलं आणि निमूट पलीकडच्या मोकळ्या जागेत नेली. रेषेवर पाय पडला की बाद, हे बाईंच्या मैदानावर खेळून गावाच्या हाडात मुरलेलं होतं आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता. बाहेरगावची माणसं इतरांचं बघून तशीच चालू लागली. सायकलवाली पोरं तर गाणी म्हणत निघाली.

दुपारी कापडवाल्यांच्या मालाचा टेम्पो आला आणि मागचं चाक फक्कीवर टेकलं. कापडवाले गल्ल्यावरून उडी मारून बाहेर धावले.

"अरे, रेषेवर आलास! पुढे घे, पुढे घे!"

ओरडून झाल्यावर त्यांना समोर बाई दिसल्या. चेहरा कसाबसा सावरत त्यांनी मान खाली घातली.

"शाबास," बाई म्हणाल्या. शाळेत असताना हा शब्द कापडवाल्यांच्या वाट्याला कधीच आला नव्हता.

संध्याकाळी अध्यक्ष बघायला आले. टेम्पोच्या चाकाचा तेवढा डाग सोडला, तर रेघ सकाळच्यासारखीच शाबूत होती. दिवसभर सगळं गाव तिथून गेलं आणि सगळ्यांना जागा पुरली होती. पुढच्या सभेत फुटपाथ मंजूर झाला. सायकलींची पट्टी सहा महिने करून बघायची असं ठरलं, आणि कापडवाल्यांनी कुरकुरत का होईना, हात वर केला.

गाव बाईंचं कौतुक करत होतं. बाई मात्र त्या शनिवारी घरी येऊन रडल्या होत्या. त्यांनी किती विनवलं, तरी घड्याळजी बाहेर आले नव्हते. "सगळं गाव बघत असताना मी लंगडत चालू?" एवढंच बोलले. पुढे फुटपाथचं काम झालं, फरशा बसल्या, लोक चालू लागले, कोण कसं चालतं ते कोणी बघेनासं झालं, तरी त्यांनी उंबरा ओलांडला नाही. बाईंनीही विषय काढणं सोडलं. मुलगा दुकानाला गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाला, तर त्यांनी त्यालाही नाही म्हटलं नाही. आपण केलं ते गावाच्या तरी कामाला आलं, अशी मनाची समजूत घालून त्या कामाला लागल्या.

एका सकाळी त्या स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. बाहेर वॉकरचा ठक ठक आवाज झाला. रोजचाच, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मग दाराची कडी वाजली. त्या हात पुसत धावल्या. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून पायरी उतरत होते. एक पाय खाली, मग वॉकर, मग दुसरा पाय. बाई आधार द्यायला पुढे झाल्या, तर त्यांनी हातानेच थांबवलं. फुटपाथवर नीट उभे राहिले. मग दुकानाला निघताना इतकी वर्षं म्हणत आले होते, तसंच मागे न बघता म्हणाले,

"येतो गं."

झटका आल्यापासून ते घरातून कुठे गेलेच नव्हते, त्यामुळे हे म्हणायची वेळच आली नव्हती. बाई पायरीवरच थांबल्या. तिथूनच त्यांनी उत्तर दिलं.

"या. आणि जेवायला वेळेवर या."