दौलतभाऊंचं बोट

दौलतभाऊ चंद्रपूरला आमच्याकडे येत, तेव्हा दाराची बेल दाबली की सोडत नसत. आतून कोणी 'आले' म्हणेपर्यंत बोट तसंच. माझी बायको वैतागून म्हणायची, "भाऊ, एकदा वाजवली तरी ऐकू येते." त्यावर ते शांतपणे, "तुले ऐकू आलं का नाई, हे मले कसं समजन बाई?" त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांच्याशी कसा वागलो ते अजून बोचतं, म्हणून लिहितो आहे.

सिंदेवाहीकडच्या एका बियाण्याच्या खाजगी प्रयोगशाळेत ते धानाची उगवण मोजायचे. ओल्या कागदावर शंभर दाणे पसरायचे, कोंब आले की एकेक उचलून बघायचं. चांगला, वाकडा की मेलेला, तशी वहीत पेन्सिलीची रेघ ओढायची. त्या रेघांच्या जागी मी चंद्रपूरहून कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहून नेला. चांगल्याला एक नंबरचं बटण, वाकड्याला दोन, मेलेल्याला तीन. शंभर भरले की मोजणी आपोआप बंद. मी तेव्हा फार शहाणा होतो.

तिथल्या दोन मुलींचं काम झपाट्यानं व्हायला लागलं. दौलतभाऊंचं मात्र बिनसलं. पडद्यावर शंभर भरायचे आणि ट्रेमध्ये वीस-पंचवीस रोपं शिल्लक. "हे यंत्र माह्या आधीच मोजून राह्यलं," ते म्हणाले. मी हसलो आणि साहेबांना सांगितलं, "वय झालंय त्यांचं. बोट थरथरतं, बटण दोनदा दाबलं जातं."

दौलतभाऊंनी त्या निकालावर सही करायला साफ नकार दिला. "जे म्या मोजलंच नाई, त्याच्यावर सही कायची करू?" साहेबांनी त्यांना टेबलावरून उठवलं आणि ट्रे धुवायला बसवलं. उभा जन्म धान मोजण्यात गेलेला माणूस माझ्या एका वाक्यानं नळावर गेला. मी जेवून चंद्रपूरला परतलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर ते नळाजवळ फेकायची रोपं सवयीनं मोजत बसले होते. रोपावर बोट ठेवायचे, ते उलटंसुलटं करायचे, मूळ बघायचे. मग बोट उचललं की ओठ हलायचे. मी विचारलं, "बोट ठेवलं तेव्हाच का नाही मोजत?"

"ठेवलं म्हंजे पाहनं सुरू झालं. उचललं म्हंजे समजलं. तवा एक."

बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र येईल तो प्रत्येक दाब मोजला होता. मुलींची बोटं चटकन उठत, म्हणून चूक दिसली नाही. दौलतभाऊ एखाद्या रोपाची शंका आली की खात्री होईपर्यंत बटण धरून ठेवत. त्यांचं बोट थरथरत नव्हतंच.

आत जाऊन मी प्रोग्राम बदलला. आता बटण दाबल्यावर नाही, सुटल्यावर एक मोजायचं. पाच मिनिटांचं काम होतं. मग नळावर येऊन त्यांची माफी मागितली.

"मले काऊन सांगून राह्यला बाबू?" ते ट्रे घासत म्हणाले. "मले तं पयल्याच दिवशी मालूम होतं. साहेबाले सांग. त्या पोरीयच्या समोर सांग."

सांगितलं. चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब म्हणाले, "बोलवा त्यांना."

दौलतभाऊ हात पुसत आले आणि नवा ट्रे घेऊन बसले. त्यांनी जराही घाई केली नाही. शेवटचं रोप बाजूला ठेवून बटण सोडलं तेव्हा पडद्यावर शंभर होते आणि ट्रे रिकामा होता. त्यांनी निकालाच्या कागदावर सावकाश सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तूबी कर. तुह्या यंत्रानं मोजलं ना?"

इतके प्रोग्राम लिहिले, पण त्यांतून निघालेल्या निकालाखाली माझं नाव घालायला तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सही केली. पूर्ण नाव होईपर्यंत पेन उचललं नाही.